दहाचं बी, दोनशेची कुंडी

आस्कंदाच्या, म्हणजे अश्वगंधाच्या, पन्नास बियांचं पाकीट मोबाइलवर नव्व्याण्णव रुपयांना दिसतं. शंभरच्या आत आहे म्हणून माणूस बटण दाबतो. पण आस्कंदाच्या हजार बिया तोलल्या तर जेमतेम दोन ग्रॅम भरतात. म्हणजे पन्नास बिया झाल्या एक दशांश ग्रॅम, आणि हा भाव किलोवर नेला तर जवळजवळ दहा लाख रुपये होतो. नीमच-मंदसौरकडचे शेतकरी हेच बी किलोला काही शेकड्यांत घेतात आणि पाच किलोत हेक्टरभर शेत ओळीने पेरतात. पाकीट, छपाई, कुरियर आणि विकणाऱ्याचा नफा यांचे पैसे द्यावेच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र बियांचे म्हणून आपण जे मोजतो त्यात बियांचा वाटा किती, हे माहीत असलेलं बरं.

तुकईथडसारख्या गावात हा हिशेब आणखी वेगळा होतो. एका बाजूला सातपुडा आणि मेळघाट, दुसऱ्या बाजूला बऱ्हाणपूरच्या केळीबागा, घराला लहान का होईना अंगण आणि पायाखाली काळी माती. शहरातल्या बाल्कनीसाठी लिहिलेले सल्ले इथे उचलून लावले तर निम्मा खर्च वाया जातो. खाली दिलेले भाव अंदाजाचे आहेत. दुकानागणिक दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतीलच.

पहिला वाचणारा पैसा हा की बऱ्याच औषधी वनस्पतींना बी विकत घ्यायचंच नसतं. कोरफडीची पिलं शेजारणीकडून आणायची. गुळवेल बोटाएवढ्या जाडीच्या कांडीने लागते. अडुळसा फांदीने, गवती चहा ठोंबाने, पानांचा ओवा छाटाने आणि हळद-आलं कंदाने. यातलं काहीही घराजवळ फुकट किंवा एका रोपाला वीस-तीस रुपयांत मिळतं. तरी कोरफडीच्या आणि गवती चहाच्या ‘बिया’ पाकिटात विकायला असतातच. त्यातून काय उगवेल याचा भरवसा नाही, आणि उगवलं तरी छाटाचं रोप दोन महिन्यांत जिथे पोचतं तिथे यायला वर्ष जाईल. अंगणात शेळ्या शिरत असतील तर कुंपणाच्या कडेने अडुळसा लावावा. शेळी सगळं खाते, पण अडुळशाला तोंड लावत नाही. जाळीचे पैसे त्या बाजूपुरते वाचतात.

बियांपासून करण्यासारख्यांपैकी निम्म्यांचं बी किराणा दुकानात आहे: मेथी, धणे, ओवा, बडीशेप, मोहरी, अळीव, कलौंजी, जवस. प्रत्येकी दहा रुपयांची पुडी घेतली तरी चार कुटुंबांना पुरेल एवढं बी येतं. घेताना मसाल्यासाठी साफ केलेला माल आणि जुना माल यांतला फरक विचारून घ्यावा. दुकानदाराला नुसतं सांगितलं की पेरायला हवंय, तर तो बहुधा नवीन पोत्यातलं देतो. बडीशेप भाजलेली नको, मुखवासाची तर नकोच. धण्याचा दाणा लाटण्याने हलका दाबून दोन फाकळ्या कराव्यात, एकात दोन बिया असतात. अळीव मात्र कशाचीच वाट पाहत नाही. ओल्या कापडावर टाकला तर तिसऱ्या दिवशी हिरवा. बाळंतिणीच्या लाडवाचं बी म्हणूनच आपण तो ओळखतो. त्याची कोवळी पानं भाकरीबरोबर चटणीसारखी खाता येतात, हे फारसं कुणी करत नाही.

किराण्यात तीन ठिकाणी सांभाळायचं. सब्जा म्हणजे तुळस नव्हे. तो पेरला तर सुगंधी झाड येईल, पण देव्हाऱ्यापुढची तुळस ती नाही. इसबगोल दुकानात मिळतो तो भुसीच्या रूपात, बियाच्या वरचं साल. ते पेरून काही उगवणार नाही. आणि तिसरी गोष्ट गंभीर आहे, ती खसखस. खसखस म्हणजे अफूचं बी. स्वयंपाकात चालतं, विकायला बंदी नाही, म्हणून कुंडीत टाकलं तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. बिघडतं ते असं की अफूची लागवड १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय गुन्हा आहे. परवाना देतो ग्वाल्हेरचा केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो, आणि तो ठराविक भागांतल्या शेतकऱ्यांनाच. आपल्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच त्यासाठी प्रसिद्ध आहेत. चार झाडं फुलांसाठी लावली हे सांगून सुटका होईल अशा भ्रमात राहू नये. भांगेचंही तेच.

उरलेल्यांत तुळस, ओलं किराईत म्हणजे कालमेघ, आस्कंद आणि शतावरी ही चार नावं घरगुती औषधी बागेच्या प्रत्येक यादीत असतात. तुळशीचं बी विकत घेऊ नये, सुकलेल्या मंजिऱ्या कुणीही देईल. बी इतकं बारीक असतं की हेक्टरभर लागवडीची रोपवाटिका दोनशे-तीनशे ग्रॅममध्ये होते. कालमेघाचं बी मात्र पाकिटातूनच घ्यावं लागेल, साठ ते शंभर रुपये, तेही घेताना या वर्षीचं आहे का ते पाहून. जुनं बी रुसतं आणि कालमेघ तसाही उगवायला सावकाश. शतावरीच्या काळ्या टणक बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या तरी महिना-दीड महिना वाट पाहायला लावतात आणि निम्म्याहून कमीच उगवतात. आस्कंदाचं बी बांधावरच्या झाडावर हिवाळ्यात पिकलेलं मिळतं. कागदी फुग्यात लाल मण्याएवढं फळ, आत चपट्या पिवळसर बिया. फुग्यात फळ म्हणजे आस्कंदच, असं मात्र धरू नये. चिरबोटीचंही फळ तसंच फुग्यात असतं. फरक फळाच्या रंगात आणि पानांवरच्या लवीत आहे: आस्कंदाचं पान मऊ पांढुरक्या लवीचं, फळ पिकल्यावर लालभडक.

ओळखीची खात्री नसेल तर बऱ्हाणपूरला जावं. पंडित शिवनाथ शास्त्री शासकीय आयुर्वेद महाविद्यालय तिथे आहे आणि सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया महाविद्यालयही. एका जिल्ह्याच्या गावात दोन पद्धतींची दोन महाविद्यालयं, हे भाग्य सगळ्यांना नाही. आयुर्वेद महाविद्यालयाला शिकवण्यासाठी वनौषधी उद्यान ठेवावंच लागतं. तिथल्या झाडाशी आपलं झाड ताडून पाहायला पैसे लागत नाहीत, आधी विचारून गेलं म्हणजे झालं. मेळघाट ओलांडून अकोल्याकडे जाणं होत असेल तर पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यानही पाहण्यासारखं आहे. खंडवा-अकोला मार्गावरची जुनी मीटरगेज गाडी होती तेव्हा हा प्रवास सोपा होता. आता बसच्या भाड्याचाच हिशेब मोठा, तेव्हा केवळ रोपं बघायला कुणी जाऊ नये.

आता खर्चाचा खरा भाग. बारा इंची प्लास्टिकची कुंडी दीडशे ते दोनशे रुपयांना येते आणि तिच्यात पंधरा-सोळा लिटर माती मावते. पाच किलोची कोकोपीटची वीट अडीचशेच्या आसपास, ती फुगून साठ-सत्तर लिटर होते. पाच किलो गांडूळखताची सुबक पिशवी ऑनलाइन अडीचशे रुपये, म्हणजे पन्नास रुपये किलो. चार कुंड्या, एक वीट, एक खताची पिशवी, सहा पाकिटं नव्व्याण्णवच्या हिशेबाने, बियांचा ट्रे, कडुनिंबाच्या तेलाची बाटली आणि फवाऱ्याची बाटली असं मांडलं की दोन हजारांच्या वर बेरीज जाते. त्यात कुरियर धरलेलं नाही.

आपल्याकडे हेच सव्वाचारशेत बसतं. पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा फरसाणवाल्याकडे किंवा भंगारात तीस-चाळीस रुपयांना मिळतो. बुडाला खिळ्याने सात-आठ भोकं पाडायची. असे चार डबे एकशे साठ. जुन्या, पूर्ण कुजलेल्या शेणखताचे दोन कट्टे शंभर. नदीनाल्याची रेती, ओढायचे तीस. किराण्यातल्या पाच पुड्या पन्नास. कालमेघाचं एक पाकीट ऐंशी. बस्स. रोपं वाढवायला ट्रे घेऊ नये: केळीची टिश्यू कल्चरची रोपं ज्या काळ्या पिशव्यांतून येतात त्या लागवडीनंतर शेताच्या कडेला पडलेल्या असतात. शेतमालकाला विचारून पन्नास आणल्या तर तोही बांध साफ झाला म्हणून खूश होईल. फाटलेल्या सोडून द्यायच्या, बाकी धुऊन उन्हात वाळवायच्या, म्हणजे आधीच्या मातीतली बुरशी नव्या रोपांना लागत नाही.

पत्र्याचा डबा उन्हात तापतो, ही त्याची खोड आहे. चैत्रापासून बाहेरून चुन्याचा हात फिरवून ओल्या बारदानात गुंडाळावा. शिवाय दोन-तीन वर्षांत गंजून बूड जातं. तरीही चाळीस रुपयांत तीन वर्षं, याला महाग म्हणता येत नाही.

मातीवर पैसे घालवू नयेत, पण नुसती काळी मातीही डब्यात भरू नये. कपाशीला जी माती उत्तम, तीच डब्यात ओली असताना चिखल आणि वाळली की दगड होते, मुळांना हवा मिळत नाही. एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग शेणखत, हे मिश्रण पाण्याचा निचरा करतं. आस्कंदाला रेती अजून थोडी जास्त द्यावी. बिया पेरायच्या पिशवीत हेच मिश्रण गव्हाच्या चाळणीतून चाळून वापरावं. खत अर्धवट कुजलेलं असेल तर त्यात हुमणीची अळी आणि तणाचं बी फुकट मिळतं, आणि ते महागात पडतं.

तुळस आणि कालमेघ यांचं बी मातीत गाडलं तर बाहेर येत नाही. ते चमचाभर रेतीत मिसळून वर भुरभुरायचं, बोटाने हलकं दाबायचं, वरून बारीक मातीची केवळ धूळ. पाणी झारीने किंवा बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून द्यायचं. फवाऱ्याची बाटली विकत घेण्याचं कारण नाही. रोपं उगवल्यावर चार-पाच दिवसांत देठाशी पिचून कोलमडू लागली तर कारण बहुधा जास्त पाणी असतं. औषध आणायला धावण्याआधी एक दिवस पाणी तोडावं आणि पिशव्या वाऱ्याला ठेवाव्यात. तुळशीची रोपं सहा आठवड्यांत डब्यात हलवण्याजोगी होतात.

हंगाम चुकवला तर बी स्वस्त असूनही महाग पडतं. तुळस, कालमेघ, शतावरी यांची पेरणी पावसाच्या तोंडावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून. आस्कंद थोडा उशिरा, जुलैअखेर ते ऑगस्ट, कारण भर पावसात त्याचं मूळ कुजतं. मेथी, धणे, अळीव, बडीशेप, कलौंजी दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत. उन्हाळ्यात नवीन काही पेरू नये. पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा एका मोठ्या कुंडीला दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागतं. दहा कुंड्या म्हणजे पंधरा-वीस लिटर, हंडाभराहून जास्त. नळ आहे तिथे हा खर्च दिसत नाही. हातपंपावरून डोक्यावर आणायचं असेल तर तो घरातल्या बाईच्या पाठीवर पडतो, आणि तो कुठल्याही यादीत धरलेला नसतो. माझं मत विचाराल तर एप्रिलनंतर तुळस, कोरफड आणि गवती चहा एवढंच जगवावं, बाकीचं कापून वाळवून डब्यात भरावं आणि झाडं जाऊ द्यावीत. पावसाळ्यात पुन्हा दहा रुपयांचं बी.

एवढं करून हाताला काय लागतं, हे आधीच मोजून ठेवलं तर नंतर हिरमोड होत नाही. शेतात आस्कंदाची सुकी मुळी हेक्टरी सहा ते आठ क्विंटल निघते. म्हणजे एका चौरस मीटरला साठ ते ऐंशी ग्रॅम, तेही पाच-सहा महिन्यांनी. तेलाचे वीस डबे मांडले तर कुठे एक चौरस मीटर जागा भरते. चार डब्यांत पंधरा ग्रॅमच्या आसपास मुळी येईल. भरपूर खत घातलं म्हणून दुप्पट धरली तरी तीस ग्रॅम. वैद्य चूर्ण देतात ते दिवसाला तीन ते सहा ग्रॅम. अर्धं वर्ष राबून चार दिवसांचं, फार तर दहा दिवसांचं औषध. दुकानात शंभर ग्रॅम चूर्ण शंभर रुपयांच्या आगेमागे मिळतं. आस्कंद घरी लावून पैसे वाचतील असं कुणी सांगत असेल तर त्याला हा गुणाकार करून दाखवावा. शतावरीचं तर मूळ काढायलाच दीड-दोन वर्षं थांबावं लागतं. मुसळीची बियांपासूनची रोपं पहिल्या हंगामात खणण्याजोगी होतच नाहीत, म्हणून शेतकरीसुद्धा ती बोटांसारख्या मुळांनी लावतात.

पानांचा हिशेब वेगळा. कालमेघाचा सगळा पाला वापरतात. शेतात हेक्टरी दोन-तीन टन सुकं पीक येतं, म्हणजे त्याच चार डब्यांतून पन्नास ग्रॅमच्या घरात, आणि कालमेघ इतका कडू की एका घराला तेवढं वर्षभर संपत नाही. तुळस, गवती चहा, पानांचा ओवा रोज तोडले तरी पुन्हा फुटतात. आणि ताज्या पानाची किंमत बाजारात लावताच येत नाही, कारण ते तसं मिळत नाही. मेथी-अळीवाचा खर्च पहिल्या दोन कापण्यांत वसूल. म्हणून माझा सरळ कौल: पानासाठी लावा, मुळासाठी विकत घ्या. आस्कंदाचं एक झाड मुलांना दाखवायला किंवा बी धरायला ठेवावं, त्याला कोण नको म्हणतो.

आस्कंदाची पानं मात्र चहात उकळू नयेत. पानांचा वापर टाळावा, असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना कळवलेलं आहे. औषध म्हणून वापरतात ते मूळ. गरोदर बाईने आस्कंद आणि कालमेघ दोन्हीपासून लांब राहावं. मधुमेहाची गोळी चालू असलेल्याने मेथी किंवा कालमेघ औषध म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं, साखर जास्त उतरू शकते. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी थंडी वाजून ताप आला तर काढा नंतर, आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यायचं. त्याचे पैसे पडत नाहीत. लहान मुलं असलेल्या घरात गुंज आणि धोतरा हौसेनेही लावू नयेत. गुंजेचा लाल-काळा मणी फुटून पोटात गेला तर जिवावर बेततं.

घरच्या चार डब्यांवरून कुणी शेतात उतरण्याच्या गोष्टी करू लागला, तर एवढं लक्षात असू द्यावं. २००० च्या सुमारास महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात सफेद मुसळीची लाट आली होती. लागवडीचे कंद अव्वाच्या सव्वा भावाने विकले गेले, माल परत घेण्याची हमी तोंडी किंवा कच्च्या कागदावर दिली गेली, आणि पीक निघालं तेव्हा भाव कोसळलेले होते. कंद विकणाऱ्यांचे पैसे झाले. आजही ‘आम्ही बी देतो, आम्हीच माल घेतो’ म्हणणारे फिरतात. बियांच्या पैशात त्यांचा नफा आधीच निघालेला असेल तर माल घ्यायला त्यांनी यावं कशाला? बी विकत घेण्याआधी दुसरं गिऱ्हाईक शोधावं, नीमचच्या मंडीतला भाव फोनवर विचारावा. लागवडीच्या सरकारी योजना असतात त्या शेतजमिनीसाठी. कुंड्यांना अनुदान मिळवून देतो म्हणून कुणी ‘फॉर्म फी’ मागितली तर दार लावून घ्यावं.

शेवटी पाकिटाचं. बियाणे कायदा १९६६ चा आहे. सगळ्या औषधी बियाण्यांना प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग मिळत नाही, बहुतेक माल उत्पादकाच्या स्वतःच्या सत्यतादर्शक लेबलवर विकला जातो. त्यावर जात, उगवणशक्तीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि विक्रेत्याचा पत्ता शोधावा. नुसतं हिरव्या पानाचं चित्र आणि ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ एवढंच असेल तर ठेवून द्यावं. घरी आल्यावर सगळं बी एकदम पेरू नये. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावेत, आठ-दहा दिवसांनी मोजावेत. शतावरीसारख्या उशिरा उगवणाऱ्यांना महिना द्यावा. विसातले पाचच फुटले आणि लेबलवर सत्तर टक्के लिहिलं असेल, तर फडक्याचा आणि पाकिटाचा तारखेसह फोटो काढावा. बिल आणि रिकामं पाकीट फेकू नये.

आधी विक्रेत्याला लेखी कळवावं, मोबाइलवरच्या खरेदीत तिथल्या तक्रारखिडकीत. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. नव्व्याण्णव रुपयांसाठी कुणी ग्राहक आयोगात जाणार नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण शेतासाठी हजारोंचं बी घेतलं असेल तर जरूर जावं. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पेरण्याआधी बियांतलं मूठभर बाजूला काढून मूळ पाकिटासह सीलबंद ठेवलेलं असलं, तर आयोगाला ते प्रयोगशाळेत पाठवता येतं. सगळं बी पेरून टाकल्यावर तपासायला काही उरत नाही.